सवाल उचलणारी रुखमाबाई

मोहखेडात रुखमाबाई मुनेश्वरशी भांडायला सहसा कोणी धजत नाही. ती शिव्या देते म्हणून नव्हे. शिव्या मोहखेडात सगळेच देतात आणि त्यात ती फार पुढे आहे असंही नाही. अडचण वेगळी आहे. तुम्ही तणतणत तिच्या दारात गेलात की ती तुमचं सगळं ऐकून घेते आणि उत्तर देण्याआधी तुमचंच म्हणणं तुम्हाला परत सांगते, तेही तुमच्यापेक्षा नीट. रागाच्या भरात तुम्ही विसरलेला मुद्दासुद्धा ती आठवणीनं घालते. वर विचारते, "बरोबर सांगतलं ना तुमचं?" तुम्ही मान हलवता आणि तिथंच अर्धं भांडण संपतं. उरलेल्या अर्ध्यात ती तुम्हाला सोलून काढते.

तिची सून साधना याला पार वैतागलेली आहे. ती शेजारणीला सांगते, "आत्याबाईसोबत भांडाची काही सोयच नाही. माही तक्रार त्याच अशा सांगतात का मलेच माही कीव येते. मंग मी भांडू कशी?" शेजारीण हसते, पण तिलाही तो अनुभव आलेला असतो.

ही सवय रुखमाबाईला मुकाबल्यानं लावली. मोहखेडच्या बौद्ध बस्तीत जयंतीच्या आठवड्यात भीमगीतांचा मुकाबला होतो. बंद पडलेल्या जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, मोठं मैदान बस्तीला लागूनच आहे. एके काळी तिथं कापसाच्या बैलबंड्या रांगेनं उभ्या राहायच्या. त्या मैदानाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन मंच बांधायचे आणि ऐकणारे मधे बसायचे. इकडची पार्टी गाऊ लागली की सगळे इकडे तोंड करतात, तिकडची गाऊ लागली की बूड उचलून तिकडे. अनुभवी म्हातारे आधीपासून आडवेच बसतात, नुसती मान वळवली की त्यांचं काम भागतं. मुकाबले दुसऱ्या गावांतही होतात, पण मोहखेडचा एक कायदा आहे. समोरच्या पार्टीनं गाण्यातून सवाल टाकला की लगेच जवाब द्यायचा नाही. आधी त्यांचा सवाल आपल्या तोंडानं पुरा म्हणायचा. याला सवाल उचलणं म्हणतात. त्यातली धार कमी करायची नाही, चांगली ओळ गाळायची नाही. समोरच्या गायकानं मान डोलावली तरच आपला जवाब सुरू. सवाल न उचलता कोणी जवाब दिला, तर तो कितीही बिनतोड असो, लोक आपसात गप्पा मारू लागतात.

रुखमाबाई आर्णीकडच्या एका खेड्यातून या बस्तीत सून म्हणून आली तेव्हा गाणाऱ्या पार्टीत सगळे पुरुषच होते. तिचा नवरा नागोराव त्यात ढोलकी वाजवायचा आणि दिवसा जिनात हमाली करायचा. तीही जिनात सरकी वेचायला जाऊ लागली. तिथल्या बायांच्या लक्षात आलं की नागोरावची बायको एकदा ऐकलेलं विसरतच नाही. मुकादम सकाळी काय बोलला ते ती संध्याकाळी त्याच्याच आवाजात, त्याच्याच खाकरण्यासकट म्हणून दाखवायची. ही गोष्ट पार्टीपर्यंत गेली. सवाल उचलताना पुरुषांची दरवर्षी फजिती व्हायची, मधलीच ओळ निसटायची. मग त्यांनी रुखमाबाईला मंचावर घेतलं, पण तेवढ्याच कामापुरतं. सवाल उचलायचा तिनं आणि जवाब द्यायचा त्यांनी. काही वर्षं ती नुसतं दुसऱ्याचंच म्हणणं गात राहिली. एका वर्षी समोरून असा सवाल आला की तिनं तो उचलला, समोरच्यानं मान डोलावली, आणि तिच्या पार्टीतले सगळे गडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. ढोलकी नुसतीच वाजत राहिली. तेव्हा रुखमाबाईनं मागं वळूनही न पाहता जवाब गाऊन टाकला. त्या दिवसापासून पार्टी तिची झाली.

त्या दिवशी समोर होता भीमराज नगराळे. नाल्यापलीकडच्या बस्तीचा, एस.टी.त ड्रायव्हर, उंचापुरा, आणि आवाज असा की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा. पुढची पस्तीसेक वर्षं हे दोघं एकमेकांसमोर गायले. एका वर्षी ती जिंकायची, एका वर्षी तो. नागोराव गेला त्या वर्षी रुखमाबाई गाणार नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. भीमराज तिच्या दारात आला, बसलासुद्धा नाही, उभ्यानंच म्हणाला, "बाई, तुम्ही नाही आल्या तं मीबी मंचावर चढत नाही." ती आली. डोळे सुजलेले होते, पण आली, आणि त्याला हरवलं. आजही हे सांगताना ती म्हणते, "भाऊ मुद्दाम हारले त्या वर्षी. पण मी काही त्याईले तसं म्हणू देल्लं नाही."

दोन वर्षांपूर्वी भीमराजला लकवा मारला. पाय हळूहळू चालू लागला, जीभ मात्र जड राहिली. एक शब्द निघाला की दुसरा अडायचा. रुखमाबाईपुढे गायला दुसरे गायक तयार होते, राळेगावची एक तरुण पार्टी तर आपणहून आली होती. तिनं सगळ्यांना वाटेला लावलं. "भाऊची जीभ सुटू द्या, मंग पाहू." ती नगरपरिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. दुपारी घरी जाताना वाट वाकडी करून जिनाच्या मैदानावरून जायची. मैदान आहे म्हणजे कधी ना कधी तिथं दोन मंच पुन्हा बांधले जातील, असं तिनं मनाशी धरलं होतं. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि अशात मोहखेडला नव्या हॉलची मंजुरी आली.

गाण्याबजावण्यासाठी आणि नाटकांसाठी मोठं सभागृह. छत असलेलं, खुर्च्यांचं, पंख्याचं. गावात बातमी पसरली आणि जो तो नाटकातला जाणकार झाला. पानठेल्यावर लोक पडदा कोणत्या रंगाचा असावा यावर भांडू लागले. खरा वाद जागेचा होता. एक जागा बायपासला, नव्या लेआउटजवळ, नोकरदारांच्या बंगल्यांपाशी. दुसरी जिनाचं मैदान. नगरपरिषदेनं हरकती आणि सूचना ऐकायला सभा लावली, तेव्हा रुखमाबाईनं मैदान वाचवायचं ठरवलं. तिनं बस्तीतल्या बायांना घरोघरी जाऊन गोळा केलं, नव्या लेआउटमधल्या लोकांनाही भेटली. तिथल्या संगीत मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर वैद्य, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, लगेच तिच्या बाजूचे झाले. ते म्हणाले, "मैदान तुमचं आहे, त्याला हात लागता कामा नये. हॉल बायपासलाच व्हावा." रुखमाबाईला माणूस आवडला.

मग कळलं की भीमराज दुसऱ्या बाजूला आहे. हॉल जिनाच्या मैदानातच व्हावा असं तो म्हणतो आणि ते सांगायला तो सभेत स्वतः येणार आहे. तिला आधी खोटंच वाटलं. भीमराजची गाणारी नात रुपाली बाजारात दिसली तेव्हा तिनं तिला गाठलं.

"काय व रुपाली, तुह्या आजानं मैदानावर हॉल मांगतला हे खरं हाये काय?"

"हो आजी."

"त्याले समजून राह्यलं ना, मैदान गेलं तं मुकाबला गेला?"

रुपाली म्हणाली, "त्याईले सारं समजते आजी. बोलताच येत नाही फक्त."

रुखमाबाई भाजी न घेताच घरी आली. राग आला होता हे खरं, पण रागापेक्षा तिला वाईट फार वाटलं होतं. ज्याच्यासाठी ती मैदान राखत होती त्यालाच ते नको होतं.

सभेच्या दिवशी नगरपरिषदेचं छोटं सभागृह खच्चून भरलं. भिंतीवर नव्या हॉलचं रंगीत चित्र लावलेलं होतं. त्यात मोहखेडात कुठंच नसलेली झाडं होती आणि मोहखेडात कोणाकडेच नसलेल्या गाड्या. मंचावर नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. रुखमाबाई डाव्या भिंतीशी बसली, भीमराज रुपालीचा हात धरून आला आणि उजव्या भिंतीशी बसला. झालं! बस्तीच्या लोकांनी आपापल्या खुर्च्या सरकवल्या आणि आडव्या करून घेतल्या. साहेबांकडे कोणाचंच तोंड राहिलं नाही. मुख्याधिकारी गावात नवीनच आले होते, ते म्हणाले, "अहो, समोर बघून बसा ना." एक म्हातारा म्हणाला, "समोरच पाहून राह्यलो सायेब."

आधी वैद्यसाहेब बोलले. मैदान म्हणजे बस्तीची ओळख आहे, तिथल्या परंपरेला धक्का लागू नये, बायपासला गाड्या लावायलाही जागा आहे. छान बोलले, टाळ्या पडल्या. मग रुखमाबाई उठली.

"सायेब, मैदानाले दार नाही," ती म्हणाली. "दार नाही म्हणून कोणी विचारत नाही का तू कोण, पास हाये काय, चप्पल फाटकी काहून. बाई कामावरून उशिरा आली तं मांगं उभी राह्यते. लेकरू रडलं तं उठून जाते, शांत झालं का परत येते. हॉलात लेकरू रडलं तं लोक मांगं वळून पाह्यतात. मैदानात दोन मंच बांधता येतात, हॉलात एकच राह्यते. एका मंचाचा मुकाबला कसा होईन? आन् शेंगा! मैदानात बसून शेंगा खाता येतात, हॉलात खाऊन दाखवा." लोक हसले. ती मात्र हसली नाही. "आमच्या गल्ल्या अशा हायेत का मयत खांद्यावर वळत नाही. माहा माणूस गेला तवा त्याले मैदानात आणून ठेवलं, म्हणून लोकाईनं त्याचं तोंड पाह्यलं. मैदान गेलं तं आम्ही आमच्या मयती कोठी ठेवाव?"

ती बसली. मुख्याधिकारी कागदावर काहीतरी लिहीत होते, ते थांबले. खरं तर सभा तिथंच संपायला हरकत नव्हती.

मग भीमराज उठला. कायद्याप्रमाणे आधी त्यानं तिचा सवाल उचलायचा होता. त्यानं तोंड उघडलं. "मैदान..." म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मैदानाले..." आणि अडला. कपाळाची शीर फुगली. ज्या माणसाचा आवाज भोंग्याशिवाय शेवटपर्यंत जायचा, त्याला एका ओळीसाठी धडपडताना पाहणं कठीण होतं. शेवटी त्यानं हातानंच ते राहू द्या अशी खूण केली आणि आपलं म्हणणं सुरू केलं. "बायपास... पाहुणे... आपुन पाहुणे. इथं... दार... आपलं. पोरी... ट्रॉलीमांगं..." रुपालीनं मधे बोलायचा प्रयत्न केला, त्यानं तिला बसवलं. लोक चुळबुळू लागले. मुख्याधिकारी मायेनं म्हणाले, "बसा काका, तुमचा मुद्दा आला." मागून कोणीतरी म्हणालं, "बसवा न बाप्पा त्या बुढ्याले."

"कोण बोल्लं रे ते?" रुखमाबाई ताडकन उठली. "भाऊ बोलून राह्यले ना? अवघ्या मोहखेडनं ज्याचं बोलणं ऐकलं त्याले बसवा म्हणते!"

पण भीमराज थकून खाली बसला होता.

आता रुखमाबाईनं गप्प बसायचं होतं. डाव तिच्या हातात होता. समोरच्यानं तिचा सवाल उचललेला नव्हता आणि त्याचं स्वतःचं म्हणणं कोणाला कळलेलं नव्हतं. पुढं तिनं जे केलं, ते मोहखेडच्या मुकाबल्यात वाढलेल्या माणसाखेरीज कोणीही केलं नसतं, आणि वकिलानं तर मुळीच नाही.

ती म्हणाली, "सायेब, भाऊचा सवाल कोणी उचलला नाही. तो उचलल्याबगर पुढं जाता येत नाही."

"म्हणजे?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"म्हंजे आधी मी त्याईचं म्हणणं सांगते, मंग माहं." मग ती उजव्या भिंतीकडे वळली. "भाऊ, चुकलं तं हात वर करा."

भीमराजनं मान हलवली. पस्तीसेक वर्षं त्याचेच सवाल उचलले होते तिनं, त्याच्या तुटक शब्दांवरून ती त्याचं पुरं म्हणणं जुळवू लागली.

"भाऊ म्हणतात का हॉल बायपासले झाला तं तिथं जागा जास्ती भेटन, पण..." भीमराजनं हात वर केला. ती थांबली. आपलंच वाक्य तोंडात पुन्हा घोळवून तिनं सुरुवात बदलली. "नाही. भाऊ म्हणतात, हॉल बायपासले झाला तं आपुन तिथं पाहुणे. कोणी बलावलं तं जाऊ, मांगच्या खुर्चीवर बसू आन् चूपचाप घरी येऊ. इथं झाला तं सारं गाव आपल्या दारावरून जाईन आन् पाहुणे ते राह्यतीन." हात वर झाला नाही. "भाऊ म्हणतात, ही रुपाली नागपूरले गाते तं तिले तिथं आरसा राह्यते, खोली राह्यते. आन् आपल्या गावात गाते तं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमांगं दोन बाया चादर धरतात आन् हे पोरगी तिच्यामांगं लुगडं बदलते." त्या चादरीमागं ती स्वतः आयुष्यभर उभी राहिली होती. "भाऊ म्हणतात, मैदान आपल्याले कोणी देल्लं नाही, जिन बंद पडला म्हणून उरलं. उरलेलंच घेऊन किती दिवस खुश राह्याव?"

भीमराज पुढं वाकला होता. त्याचा हात पुन्हा वर झाला. अजून काहीतरी राहिलं होतं. त्यानं खूप जोर लावून 'का' विचारणारा एकच शब्द काढला, "काहून?"

"काहून म्हंजे?" ती म्हणाली. भीमराजनं बोट दाखवलं, कुणा एकाकडे नव्हे, नव्या लेआउटची माणसं बसली होती त्या सगळ्या बाजूकडे.

रुखमाबाई तिकडे पाहू लागली आणि बोलता बोलताच तिला समजलं. तोवर ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "भाऊ विचारतात," ती सावकाश म्हणाली, "का हे सारे आपलं मैदान वाचवाले काहून आले? गाड्या ठेवाले जागा नाही म्हणतात. जिथं कापसाच्या बंड्या मावत होत्या तिथं गाड्या मावत नाहीत काय? एवढी वर्षं आपला मुकाबला इथं होते. याईच्यातलं कोण आलं होतं ऐकाले? एकबी नाही. भाऊ म्हणतात, ते तुह्या मैदानासाठी नाही आले, रुखमाबाई. गाणं ऐकाले आपल्या बस्तीत यायचं काम न पडो म्हणून आले."

भीमराजनं मान डोलावली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्याला भान नव्हतं.

रुखमाबाई वैद्यसाहेबांकडे वळली. "सायेब, हे भाऊचं म्हणणं हाये, माहं नाही. तुम्हाले काही म्हणाचं असन तं म्हणा."

वैद्य उठले. माणूस खरोखर सज्जन होता, म्हणूनच त्यांची अडचण झाली. "मी कधी आलो नाही, हे खरं आहे," ते म्हणाले. "दरवर्षी आवाज घरापर्यंत येतो. खिडकीत उभा राहून ऐकतोसुद्धा. पण आलो नाही. का आलो नाही हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं." आणि ते बसले.

आता तिचा जवाब. सगळ्यांनी तिच्याकडे तोंडं केली. रुखमाबाईनं जवाबासाठी श्वास घेतला, आणि तो तसाच सोडला. तिच्याकडे मुद्दे नव्हते असं नाही. नुसत्या मयतीच्या गोष्टीवर तिनं सभा पुन्हा फिरवली असती. पण समोरच्याचं म्हणणं तिनं इतकं मन लावून म्हटलं होतं की ते तिलाच पटलं होतं, आणि पटलेल्या गोष्टीविरुद्ध गाणं तिला कधी जमलं नाही.

"याले माह्यापाशी जवाब नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. इतक्या वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

हॉल जिनाच्या मैदानात बांधावा असं ठरलं. मत घेतलं तेव्हा वैद्यसाहेबांनीही त्याच बाजूनं हात वर केला.

माझ्या मते मोहखेडात इतकं मोठं काम दुसऱ्या कोणी केलं नाही. भल्याभल्यांना जिंकता येतं. आपला पक्ष हरेल हे दिसत असताना समोरच्याचं बोलणं त्याच्याहून नेटानं मांडायला केवढं काळीज लागतं! पण बस्तीत तेव्हा असं कोणाला वाटलं नाही. ज्या बाया तिच्या शब्दावर काम बुडवून सभेला गेल्या होत्या त्या खवळल्या. नळावर ती आली की बोलणं बंद व्हायचं. "आपलं मैदान हिनंच देऊन टाकलं," असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं जायचं. साधना तर दोन वाक्यांपलीकडे बोलत नव्हती. एका संध्याकाळी न राहवून तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्हाले चूप बसता येत नव्हतं काय?"

"नाही आलं," रुखमाबाई म्हणाली.

"मामंजीची मयत त्याच मैदानात ठेवली होती ना? तुम्हीच सांगतलं सभेत."

"माहीत हाये मले. मले का आनंद झाला काय व?" एवढं बोलून ती उठली आणि मैदानावर जाऊन बसली. तिथं इंजिनियरच्या माणसांनी चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. ती रेघांच्या आत बसली आणि एकटीच रडली. मैदान गेलं होतं, मुकाबला आता होणार नव्हता, आणि ज्यांच्यासाठी ती आयुष्यभर गायली तेच तिच्याशी बोलत नव्हते. भीमराजकडूनही काही निरोप नव्हता. त्याचंच तिला जास्त लागलं होतं.

बुद्धपौर्णिमेला सकाळी बस्तीतले सगळे विहारात जमले. रुखमाबाई आली आणि बायांच्या मागं एका कडेला बसली. तिच्या शेजारी कोणी सरकलं नाही. वंदना झाली, खीर वाटायची तयारी सुरू झाली, तेवढ्यात दारातून रुपालीच्या आधारानं भीमराज आला. नाल्यापलीकडं त्याच्या बस्तीचं वेगळं विहार होतं, इकडं तो सणाला कधी येत नसे. तो सरळ समोर गेला, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि रुपालीला हातानं दूर केलं.

"बाईचा... सवाल," तो म्हणाला. "मी... उचलला... नव्हता."

खिरीचं भांडं घेऊन निघालेली बाई होती तिथंच थांबली.

"मैदानाले... दार... नाही." प्रत्येक शब्दाला तो थांबत होता, पण सोडत नव्हता. "पास... विचारत... नाही. चप्पल... फाटकी... चालते." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, त्यानं ती बाहीनं पुसली आणि पुढं गेला. उशिरा येणारी बाई सांगितली. रडणारं लेकरू सांगितलं. दोन मंच सांगितले आणि ते सांगताना दोन्ही हात दोन बाजूंना लांब केले. फार वेळ लागला. लहान पोरंसुद्धा हलली नाहीत. शेवटी त्यानं डोळे मिटले. "मयत... कोठी... ठेवाव? नागोराव..." हे नाव मात्र तो एका दमात बोलला. नागोरावची ढोलकी त्यानंही आयुष्यभर समोरून ऐकली होती.

मग तो थांबला आणि मागच्या कोपऱ्यात पाहू लागला. तिनं मान डोलावली की त्याचं काम झालं.

रुखमाबाईनं मान डोलावली नाही.

"शेंगा राह्यल्या," ती तिथूनच म्हणाली.

विहारात एकदम हशा पिकला. नळावर तिला टोचून बोलणाऱ्या बायाही हसल्या. भीमराजचा ओठही एका बाजूनं वर गेला. "आन्... शें... शेंगा," तो म्हणाला. "हॉलात... खाऊ... देत नाहीत."

तेव्हा तिनं मान डोलावली. लोक आता जवाबाची वाट पाहू लागले, कारण सवाल उचलला गेला होता आणि पाळी त्याची होती. भीमराजनं मोठा श्वास घेतला.

"याले..." तो म्हणाला, "माह्यापाशीबी... जवाब... नाही."

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडू लागली. साधना पुढून उठली, बायांमधून वाट काढत मागं गेली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली.